देवरे मास्तरांचा जिना

देवरे मास्तर जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत आणि मागे वळून खाली बघत. मागे कोणी असो वा नसो. दम लागला म्हणून ते थांबत असतील असं नव्या माणसाला वाटे, पण ते माझ्यापेक्षा कितीतरी चपळ होते. कठड्यावर एक हात ठेवून, मान जराशी पुढे काढून, विहिरीत डोकावावं तसे ते खाली बघायचे आणि मगच पुढच्या पायरीवर पाऊल टाकायचे.

आमची पहिली भेटही जिन्यावरच झाली. सुरतेत नानपुऱ्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. एका रविवारी मी भाजी घेऊन वर येत होतो, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पांढरा सदरा घातलेला एक माणूस माझ्याकडे बघत उभा.

"या, या. मी थांबलोय," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही मागे आहात म्हणून."

"अहो, मग व्हा की पुढे. जिना रुंद आहे."

"रुंदीचा प्रश्न नाही, प्रोफेसर."

मी प्रोफेसर आहे हे कसं ओळखलं, असं विचारल्यावर म्हणाले, "खिशाला तीन पेनं, आणि पिशवीतली कोथिंबीर वरून दाबलेली. दुसरं कोण असणार?"

दुसऱ्या मजल्यावरच्या जसुबेनना त्यांची ही सवय समजायला बरेच दिवस लागले. आपल्या दाराशी कोणी उभं आहे असं वाटून त्या दार उघडायच्या. "कोनुं काम छे, भाई?" मास्तर हात जोडून म्हणायचे, "कोईनुं नहीं, बेन. पाछळ जोऊं छुं." मागे तर कोणीच नसायचं. मग जसुबेन माझ्या बायकोला, सुधाला, विचारायच्या, "तमारा मास्तर बराबर छे ने?" सुधा सांगायची, "एकदम बराबर."

लिंबायतमधल्या एका मराठी शाळेत मास्तर चित्रकला शिकवायचे. घराणं खानदेशातलं. वडील लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामासाठी सुरतेला आले आणि इथलेच झाले. मास्तर घरी अहिराणी बोलत, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि रागावले की कुठल्याच भाषेत बोलत नसत. माणूस गरीब स्वभावाचा मुळीच नव्हता. मराठी मंडळाच्या गणपतीत पडद्यावरच्या हिमालयाला निळा रंग दिला म्हणून अध्यक्षांशी त्यांनी भांडण केलं होतं, आणि ते पुढच्या गणपतीपर्यंत टिकवलं होतं.

ते माझ्याकडे आले ते संगणक बघायला. त्या काळी घरात संगणक असणं ही सांगण्यासारखी गोष्ट होती. माझ्या मेहुण्याने परदेशातून आणलेलं ते यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. त्याला पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे. कॅसेट चालू झाली की मांजरं भांडावीत तसा आवाज काही मिनिटं यायचा, आणि नशीब असेल तर शेवटी पडद्यावर काहीतरी दिसायचं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि मुंबईच्या एका मराठी मासिकात संगणकाविषयी सदर लिहीत असे. रविवारी दुपारी मंडळातली माणसं मुलाबाळांना घेऊन यंत्र बघायला यायची. सुधा सगळ्यांना सरबत द्यायची. आपल्या घरी चार माणसं काही बघायला येतात याची मला सवय झाली होती, आणि सवयीपेक्षा थोडं जास्तच काही झालं होतं.

सगळ्यांना आवडायचा तो मजले चढण्याचा खेळ. एक ठेंगणा माणूस शिड्यांवरून वर वर जातो, अंगावर पडणाऱ्या वस्तू चुकवतो आणि शेवटी माथ्यावरच्या पेटीपाशी पोचतो. मी तो सराईतपणे खेळायचो. पहिल्या दिवशी मास्तर हाताची घडी घालून सगळा खेळ बघत राहिले. पेटी मिळाली, वाद्य वाजलं, मुलांनी टाळ्या पिटल्या.

"वर जाऊन काय मिळालं?" मास्तरांनी विचारलं.

"खजिना. म्हणजे गुण."

"आणि खाली कोण राहिलं?"

"कोणी नाही. खेळ आहे हा, मास्तर."

"एवढ्या मोठ्या इमारतीत हा एकटाच राहतो?"

मुलं हसली. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत.

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. यंत्राची भाषा त्यांनी माझ्याकडूनच शिकली, पण चित्रांच्या बाबतीत मला त्यांना काही शिकवावं लागलं नाही. पडद्यावरचं प्रत्येक लहान चित्र आठ घरं उभी आणि आठ घरं आडवी अशा चौकोनात बसवावं लागे. मास्तर फावल्या वेळात साड्यांच्या किनारींचे नमुने चौकटीच्या कागदावर काढून द्यायचे. एकेक घर भरत फूल करायचं, मोर करायचा, ही त्यांची रोजची सवय. "आठ बाय आठमध्ये बसत नसेल तर ते आपल्या मनातही नीट बसलेलं नाही, असं समजा," ते म्हणायचे. दोन-तीन रविवारांत त्यांनी पडद्यावर कबुतर बसवलं, शिलाई मशीन बसवलं, आणि एकदा मला बसवलं. तीन पेनांसकट. सुधा इतकी हसली की तिला ग्लास खाली ठेवावा लागला.

मी स्वतः मुलांसाठी बेरीज-वजाबाकीचा एक खेळ लिहिला होता. त्याचा मला अभिमान होता. उत्तर चुकलं की पडद्यावर एक रडका चेहरा येई. मास्तरांनी तो एकदाच खेळून पाहिला. "प्रोफेसर, यात मूल चुकलं की मशीन त्याला चिडवतं. हे बरं नाही," ते म्हणाले. तेव्हा घरात मंडळातली पाचसहा माणसं बसली होती. मी दुसरी कॅसेट लावली. पण मी ते विसरलो नाही, हे आज लिहायला हवं. पुढे पुढे लोक दारातच विचारू लागले, "आज मास्तर येणार आहेत ना?" तेही मी विसरलो नाही.

मग मास्तरांनी कुठूनतरी एक जुनं यंत्र मिळवलं आणि ते यायचे बंद झाले. सगळा पावसाळा गेला, दिवाळी गेली. थंडीत एका रविवारी ते आले ते हातात कॅसेट घेऊन. कॅसेटवर त्यांच्या सुंदर अक्षरात एकच शब्द होता, 'जिना'.

मुंबईत अशा कॅसेटी विकणारा एक व्यावसायिक होता. मास्तरांनी त्याला पत्र आणि कॅसेटची एक प्रत पाठवली होती. त्याने उत्तर दिलं होतं की खेळ घेण्याआधी आपल्याला कोणा जाणकाराचं मत हवं, आणि सुरतेतला जाणकार म्हणून त्याला माझंच नाव माहीत होतं. सदरातही मी या खेळाविषयी लिहावं असं ठरलं. मास्तरांना तो खेळ घराघरांत जायला हवा होता. त्यांनी एरवी कशाचीच इच्छा बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "वहिनी, माणसांनी हा खेळला पाहिजे. विकत घेवोत, मागून नेवोत. पण खेळला पाहिजे."

"कसा खेळायचा ते सांगा," मी म्हणालो.

"मी काही सांगणार नाही. तुम्ही खेळा आणि वाटेल ते लिहा."

"अहो, पण काही सूचना?"

"जिन्याला सूचना कसल्या, प्रोफेसर?"

मी तो एका दुपारी खेळलो. पडद्यावर एक उंच इमारत होती, आपल्याकडे लूमवाल्या भागात असते तशी. खोल्यांमध्ये लूम, पायऱ्यांवर कापडाचे ताके रचलेले, वरून गडगडत येणारी सुताची बॉबिनं, खाट घेऊन उतरणारी दोन माणसं. सगळ्यात खाली एक आडवी पट्टी होती आणि ती फार हळूहळू वर येत होती. ते पाणी होतं हे समजायला मला वेळ लागला. माणूस जिना चढायचा. त्याच्या मागे, एक वळण खाली, एक लहानसा अस्पष्ट आकार दिसायचा. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. नवशिक्याच्या खेळांत असं नेहमी होतं. चित्र पुढे सरकतं आणि आधीच्या जागेवरचं पुसायचं राहून जातं. मी ते तसंच समजलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो की माणूस तोंड मागे फिरवून उभा राहायचा आणि काही केल्या हलायचा नाही. मी वर जायचं बटण दाबत राहिलो. पाण्याची पट्टी येऊन सगळा पडदा झाकायची. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

आमच्याकडे संगणक असा मध्येच अडकणं नवलाचं नव्हतं. व्होल्टेज खाली-वर झालं की चालता प्रोग्रॅम जागीच थिजायचा. आणि लिंबायतसारख्या भागात, जिथे आजूबाजूला लूम चालू-बंद होत राहतात, तिथे भरलेल्या कॅसेटीत दोष राहणारच. मी तसंच धरलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून बघावी, मास्तरांना बोलावून विचारावं, हे मी केलं नाही. रडक्या चेहऱ्याची आठवण मला त्या दुपारी झाली होती.

परीक्षणात मी लिहिलं की चित्रं नेटकी आहेत, पण कर्त्याला यंत्र अजून उमगलेलं नाही. नायकाची सावली पडद्यावर मागे उरते. पाणी इतकं मंद चढतं की थरार उरत नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर खेळ अडकतो तो अडकतोच. शेवटी एक वाक्य टाकलं, 'चित्रकाराला कागदच बरा.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. परीक्षण मासिकाला आणि तेच मत त्या व्यावसायिकाला, अशी दोन्ही पाकिटं मी कॉलेजात जाताना पेटीत टाकली.

दोन-चार दिवसांनी कॉलेजातून परत आलो तर सुधा यंत्रापुढे बसली होती. ती कधी खेळायची नाही. गॅसवर आमटी ठेवून, पदर खोचून, मन लावून बसली होती.

"अहो, किती छान केलाय हा," ती म्हणाली.

"अडकतो तो. तिसऱ्या मजल्यावर."

"कुठे अडकतो? ती मागे राहिली की हा पुढे जात नाही. खाली जाऊन तिला घेऊन यायचं."

"कोण ती?"

सुधाने पडद्यावर बोट ठेवलं. तो अस्पष्ट आकार दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला होता. सुधाने खालचं बटण दाबलं. माणूस उलटा फिरला, पायऱ्या उतरून त्या आकारापाशी गेला आणि थांबला. आकार उठला. मग दोघं सावकाश वर आली, आणि चौथ्या मजल्याचा जिना मोकळा झाला.

"बाई आहे हो ती. म्हातारी असावी. बघा, भिंतीला हात लावून चढते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही खालचं बटण दाबलंच नाहीत?"

मी पुढचं बघायला थांबलो नाही. कपडे बदलायला आत गेलो. थोड्या वेळाने ती आत आली. पाचव्या मजल्यापर्यंत पोचले आणि आमटी लागली, म्हणाली. मग म्हणाली, "आजच पत्र टाका. नाहीतर तार करा. मासिक अजून छापलं नसेल."

"टाकतो," मी म्हणालो.

मी टाकलं नाही. पत्रात काय लिहायचं होतं? की मी, संगणकाचा जाणकार, अख्खी दुपार एकच बटण दाबत बसलो? माझ्या बायकोला आमटी शिजताना जे समजलं ते मला समजलं नाही? मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. सुधाने आठवडाभर विचारलं. मग विचारणं सोडून दिलं. ती कधी एखादी गोष्ट विचारायची सोडून देई तेव्हा मला बरं वाटत नसे.

अंक आला. मुंबईहून कॅसेट परत आली नाही. मास्तरांना नुसतं एक ओळीचं नकाराचं कार्ड आलं. मास्तर त्यानंतरच्या रविवारी घरी आले. मी दारातच त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"वाचलं," ते म्हणाले. "मराठी चांगलं आहे तुमचं."

"मास्तर, खेळात जर काही..."

"जाऊ द्या. चला, मंडळाची बैठक आहे ना? उशीर होईल."

मंडळाचं कार्यालय जवळच, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. मास्तर पुढे, मी मागे. पहिल्या वळणावर ते थांबले, कठड्यावर हात ठेवला आणि मी वर येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या वळणावरही थांबले. नेहमीप्रमाणेच. एखाद्या माणसाने आपल्याला शिव्या दिल्या तर त्या परत करता येतात. याचं काय करायचं ते मला कधीच समजलं नाही.

मास्तरांनी पुन्हा खेळ लिहिला नाही. यंत्र शाळेला देऊन टाकलं. चौकटीच्या कागदावर मोर आणि फुलं काढत राहिले, मुलांना शिकवत राहिले, आणि मंडळात रंगांवरून भांडत राहिले. आमचं येणं-जाणं तुटलं नाही. फक्त संगणकाचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघायचे.

एकदाच मी धीर केला. आम्ही दोघं कामरेजला एका लग्नाला चाललो होतो. बसमध्ये गर्दी नव्हती. मी म्हणालो, "मास्तर, तुमच्या त्या खेळाबद्दल मी जरा घाईने लिहिलं. नंतर पुन्हा खेळून पाहिला. चांगला होता."

मास्तर माझ्याकडे वळले. "हो? मग कोंबडा कसा वाटला?"

"कोंबडा?"

"चौथ्या मजल्यावरचा. तुरा उभारून जिन्यात उभा असतो तो. फार मेहनत घेतली होती त्याच्यावर."

"झकास होता," मी म्हणालो. "कोंबडा तर फारच झकास."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि कामरेज येईपर्यंत उसाची शेतं बघत बसले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मास्तर आजारी पडले आणि एका हिवाळ्यात गेले. मी आणि सुधा त्यांच्या नवागामच्या घरी भेटायला गेलो. खोलीत त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुधाने सहज म्हटलं, मास्तरांना जिन्यात थांबायची सवय होती, आता आमच्या जिन्यात पाऊल टाकलं की तेच आठवतं.

"ती सवय नव्हती, ताई," वहिनी म्हणाल्या. "कोनाला सांगायचे नाहीत ते. मलाही लग्नानंतर किती वर्षांनी सांगितलं."

मास्तर शाळकरी असताना तापीला मोठा पूर आला होता. कुटुंब तळमजल्याच्या खोलीत राहायचं. सकाळी पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा सगळी इमारत गच्चीकडे निघाली. वडील कामावर होते. मास्तर डोक्यावर गाठोडं घेऊन पुढे, त्यांची आई मागे. तिचा एक पाय अधू होता. ती भिंतीला हात लावून चढायची. दुसऱ्या वळणावर ती दम खायला बसली आणि म्हणाली, "तू व्हय पुढे, मी येस." मुलगा पुढे गेला. सगळ्यांच्या आधी गच्चीवर पोचायचं म्हणून पळतच गेला. वर जाऊन त्याने गाठोडं टाकलं आणि वाट बघितली. आई आली नाही. ती कशासाठी खाली परत वळली, काही विसरलं होतं की कोणी हाक मारली, ते कोणालाच समजलं नाही. पाणी ओसरल्यावर ती सापडली.

"म्हनून बघायचे ते मागे," कमलवहिनी म्हणाल्या.

सुधाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी सतरंजीची वीण बघत होतो. ज्याला मी छापील अक्षरांत पुसायची राहिलेली सावली म्हटलं होतं, ती कोण होती ते आता मला समजलं होतं.

परत निघताना जिन्यात सुधा म्हणाली, "आता तरी लिहा."

"आता कोणासाठी?" मी म्हणालो.

ती पुढच्या पायऱ्या उतरू लागली. आता तीही नाही.

या वर्षी मास्तरांच्या मुलीचा, रंजनाचा, फोन आला. ती नोकरी करते, डिंडोलीला राहते. तिच्या लग्नानंतर आमची गाठ क्वचितच पडलेली. म्हणाली, "काका, बाबांचा खेळ कोणीतरी इंटरनेटवर टाकलाय."

जुने खेळ जमवणारी मंडळी असतात म्हणे. मुंबईच्या त्या व्यावसायिकाकडे राहिलेली कॅसेट अशाच कोणाच्या तरी हाती लागली होती. आता कोणीही आपल्या संगणकावर तो खेळ खेळू शकत होतं. पण त्याच्याखाली माझ्या परीक्षणाचं पानही लावलेलं होतं. लोक ते वाचून मग खेळत आणि तिसऱ्या मजल्यावर पोचले की सोडून देत. सावलीवाला खेळ, असं त्याचं नाव पडलं होतं. चित्रकाराला कागदच बरा, हे माझं वाक्य चेष्टेने पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं.

"लोक हसतात त्याचं काही नाही," रंजना म्हणाली. "मला एवढंच सांगा, तो खरंच अडकायचा का? बाबांनी घरात कोणाला खेळू दिला नाही. मी लहानपणी विचारलं की म्हणायचे, प्रोफेसरांनी लिहिलंय ना, ते वाच."

मी म्हणालो, "फोनवर नको. मी येतो."

तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण बंद होती. मी कठडा धरून चढलो. वरून तिने मला पाहिलं असावं, कारण दुसऱ्या वळणावर ती खाली येऊन उभी होती. "सावकाश, काका," म्हणाली आणि माझ्या पुढे एका पायरीचं अंतर ठेवून चालू लागली. प्रत्येक वळणावर मागे वळून बघत होती. हे तिने कोणाकडून घेतलं ते तिलाही माहीत नसेल.

खुर्चीत बसल्यावर पाणी प्यायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. दुपार, बटण, रडका चेहरा, आमटी, न टाकलेलं पत्र, कामरेजची बस. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सुधाकाकूंना माहीत होतं?"

"हो."

"आईला?"

"नाही."

तिने लॅपटॉप माझ्यासमोर न ठेवता स्वतःसमोर घेतला. खेळ सुरू केला. रंगीत पडद्यावर ती बाई मी पहिल्यांदाच नीट पाहिली. हिरवं लुगडं होतं. आठ बाय आठच्या चौकटीत मास्तरांनी एक अधू पाय बसवला होता. ती प्रत्येक पायरीवर जराशी एका बाजूला कलायची. तिसऱ्या मजल्यावर माणूस तोंड मागे फिरवून उभा राहिला. खाली वळणावर ती बसली होती. पाणी चढत होतं.

"आता?" रंजनाने विचारलं.

"खालचं बटण."

ती बराच वेळ त्या बटणावर बोट ठेवून राहिली. मग दाबलं.

आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. तिथे कोंबडा नव्हता. पाचव्यावरही नव्हता. कुठल्याच मजल्यावर नव्हता. मास्तरांनी कोंबडा कधी काढलाच नव्हता. बसमध्ये त्यांना माझ्याकडून जे समजून घ्यायचं होतं ते त्यांनी एका प्रश्नात समजून घेतलं होतं, आणि तरी परतताना कामरेजच्या बसच्या पायरीवर मी मागे राहिलो तेव्हा त्यांनी मला हात दिला होता.

रंजना दर वळणावर खाली जात होती आणि तिला घेऊन येत होती. पाणी इतकं मंद का, हेही मला आता दिसलं. थांबलं तर वेळ पुरेल इतकंच मंद होतं ते. शेवटी गच्चीचं दार आलं. तिथे बटणं चालेनाशी झाली. माणूस आपोआप बाजूला सरला, दाराला पाठ लावून उभा राहिला. ती बाई त्याच्या समोरून गेली. अख्ख्या खेळात पहिल्यांदाच ती पुढे होती. गच्चीच्या मधोमध जाऊन ती बसली. मग तो आला आणि तिच्या शेजारी बसला. पाणी शेवटच्या पायरीला लागलं आणि थांबलं. वाद्य वाजलं नाही, गुण आले नाहीत.

"आजी," रंजना म्हणाली. एवढंच.

आम्ही वाट बघत राहिलो, पण पुढे काही झालं नाही. तो खेळ संपत नाही. मास्तरांनी त्याला शेवट दिलेलाच नाही. आपण बंद केला तरच तो बंद होतो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही लिहा, काका. आहे तसं. मी तुमच्या त्या पानाखाली लावते."

म्हणून हे लिहिलं आहे. देवरे मास्तरांचा 'जिना' कुठेही अडकत नाही. खेळणाऱ्याने खालचं बटण दाबावं.

रंजना उठली आणि चहा ठेवायला आत गेली. लॅपटॉप तिने तसाच चालू ठेवला. ती दोघं गच्चीवर बसून होती.